न घडलेल्याची बातमी

जगात जे जे अजून घडलेलं नाही, त्या सगळ्याची काळजी करण्याचं खातं परमेश्वरानं आमच्या व्याह्यांकडे सोपवलेलं आहे, आणि हे खातं ते बिनपगारी, विनारजा आणि अतिशय निष्ठेनं सांभाळतात. घडून गेलेल्या गोष्टींत त्यांना रस नाही. कुणाची गाडी ठोकली, कुणाकडे चोरी झाली, असं काही आपण सांगायला लागलो की ते 'हां, हां' म्हणत वर बघत राहतात, कारण तेवढ्यात त्यांचं लक्ष पंख्याच्या हुकाकडे गेलेलं असतं. तो पंखा अजून पडलेला नाही. म्हणजे तो त्यांच्या खात्यात येतो. याउलट मी उभी हयात एका दैनिकाच्या जिल्हा पानावर काढली. तिथं घडलेल्याखेरीज कशालाही किंमत नसते. अशा दोन माणसांना एकमेकांचे व्याही करून देवानं काय साधलं हे मला कळलेलं नाही. पण खरं सांगायचं तर त्यात देवाचा हात कमीच होता. सगळं आमच्या लेकीनं ठरवलं होतं.

ही मंडळी अंजूरची, खाडीकाठचे शेतकरी. आमची स्नेहल आणि त्यांचा मुलगा भिवंडीच्या कॉलेजात एका वर्गात होते, आणि आपापसांत सगळं पक्कं करून झाल्यावर त्यांनी आम्हा थोरांना बघण्याचा कार्यक्रम करायची परवानगी दिली. पाहुणे आमच्या घरी आले. विहीणबाई आल्या, मुलगा आला, मुलाचे काका आले, पोहे आले, पण मुलाच्या वडिलांचा पत्ता नाही. ते खाली जिन्याखालच्या मीटरच्या पेटीशी उभे होते. वर आल्यावर त्यांनी मुलीकडे पाहिलं नाही, बशीला हात लावला नाही. मला विचारलं, "इवाई, जिना एकच हाय?" त्यांच्या गावात व्याह्याला इवाई म्हणतात, आणि लग्न ठरण्याआधीच मला ही पदवी मिळाल्यामुळे मी जरा खूष होतो. मी म्हटलं, "हो, एकच." "मंग खालती आग लागली, त वरचा मानूस जानार कुठं?" पोहे गार झाले. आमची ही स्वयंपाकघरात जाऊन पुटपुटली, "मुलगा गुणाचा आहे हो, पण बापाचं काय करायचं?" स्नेहल तिला म्हणाली, "आई, ते सगळ्यांच्या घरी हेच विचारतात." ते ऐकूनही हिचा राग गेला नाही. मात्र दुसऱ्या दिवशी जिन्याच्या वळणावर मांडलेल्या तिच्या तुळशी आणि मोगऱ्याच्या कुंड्या मुकाट्यानं गच्चीत गेल्या.

हे वेड त्यांना कुठून लागलं याचा मी पुष्कळ शोध घेतला आणि तो अखेर एका खेकड्यापाशी जाऊन थांबला. अंजूरला खाडीलगत त्यांची खारजमीन होती. खाडीचं पाणी भातात शिरू नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध असतो, आणि त्या बांधाला खेकडे भोकं पाडतात. भोक बोटाएवढंच असतं. पण उधाणाची भरती आली की त्या बोटाएवढ्या भोकातून पाणी घुसतं, बांध खचतो आणि शेत काही वर्षांसाठी खारं होऊन बसतं. म्हणून व्याह्यांचे वडील त्यांना लहानपणापासून बांधावरून चालवायचे, मान खाली, हातात चिखलाचा गोळा. दिसलं भोक की बुजव. "उधान आल्यावर बांध बगायचा नसतो, इवाई," ते मला सांगतात. "तवा नुसतं पलायचं असतं." पुढे जमिनीवर भराव पडले, गोदामं उभी राहिली, भात गेला, बांधही गेला. नजर तेवढी राहिली. आता बघायला बांध नसल्यामुळे ते सगळंच बघतात.

चहाच्या टपरीवर ते चहाच्या आधी गॅसची नळी हातात घेऊन वाकवून बघतात. कुणाकडे आजारी माणसाला भेटायला गेले तर आजाऱ्याची चौकशी नंतर, आधी त्याच्या औषधांच्या पट्ट्या उलट्या करून तारखा. बाजारात कुणी पोराला स्कूटरच्या पुढे उभं करून चाललं असेल तर हे रस्त्याच्या मधोमध उभे राहून दोन्ही हात पसरतात, आणि त्यांना चुकवण्याच्या नादात तो स्कूटरवाला पडता पडता वाचतो. एकदा मी त्यांना म्हणालोही, की तुमच्यामुळे जेवढे अपघात टळतात तेवढेच जवळजवळ होतातही. त्यावर ते गंभीर झाले. "जवलजवल झालं म्हंजे झालं न्हाय ना?" असं विचारून त्यांनी खात्री करून घेतली.

मला त्यांचा सकाळी फोन येई. मुलीच्या बापानं व्याह्यांचा फोन कापायचा नसतो असं कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण आपल्याकडे न लिहिलेलेच कायदे जास्त पाळले जातात. त्यामुळे तोंडात ब्रश असला तरी मी तो घेत असे. "इवाई, बातमी हाय." "काय झालं?" "अजून काय न्हाय झालं." आणि मग ते मला अंजूरपासून पडघ्यापर्यंत कुठं कुठं काय काय झालेलं नाही ते सांगत. मी 'बरं, बघतो' म्हणून चूळ भरत असे. हे असंच गमतीत चालू राहिलं असतं. पण मध्ये एक डबा आला.

लग्नानंतर स्नेहलला गावातच नोकरी लागली. व्याह्यांच्या आणि त्यांच्या धाकट्या भावाच्या सामाईक जमिनीवर एक मोठं गोदाम आहे. ते एका कंपनीनं भाड्यानं घेतलं आहे. लोक मोबाइलवरून जे काही मागवतात ते तिथं खोक्यांत भरलं जातं आणि टेम्पोनं पुढे जातं. जागामालकाच्या घरची सून म्हणून तिथल्या ऑफिसात स्नेहलला मानानं खुर्ची मिळाली. खोकी भरायला आजूबाजूच्या गावांतून, खारबावकडूनसुद्धा, बायका येतात. एके दिवशी ती डबा घरी विसरली आणि व्याही तो घेऊन भर दुपारी गोदामावर गेले. बघतात तर शटर खाली आणि शटरला बाहेरून कुलूप. त्यांना वाटलं, सुट्टी असेल. तेवढ्यात आतून बायकांच्या हसण्याचा आवाज आला. त्यांनी शटरवर थाप मारली. आतून स्नेहल म्हणाली, "पप्पा, थांबा जरा, चाचा चहाला गेलेत. येतीलच." चाचा म्हणजे तिथले म्हातारे राखणदार. "कुलूप कशाला?" "जेवणाच्या सुट्टीत लावतातच. माल बाहेर जाऊ नये म्हणून." "आनि मानसं?" यावर ती आत हसली म्हणे. चाचा चहा पिऊन आले, त्यांनी किल्ली काढून दाखवली. "शेठ, फिकर मत करो. चाबी हमेशा मेरे पास ही रहती है." व्याही म्हणाले, "चाचा, तेरे पास हय, वोही तो डर हय."

त्या दिवशी ते जेवले नाहीत असं विहीणबाई सांगतात. आणि त्या संध्याकाळी मी पहिल्यांदाच त्यांचा फोन मधे 'बरं, बरं' न म्हणता शेवटपर्यंत ऐकला. मलाही जेवण गेलं नाही. दुसऱ्यांच्या मुली कुलपाआड असतात तेव्हा तो प्रश्न असतो. आपली असते तेव्हा ते कुलूप असतं. मी स्नेहलला नोकरी सोड म्हणालो. ती म्हणाली, "बाबा, मी सोडीन. पण बाकीच्या बायका कुठं जातील? आणि दुसरीकडे तरी काय, सगळीकडे असंच असतं." तिनं मला धीर द्यायला म्हणून हे सांगितलं. मला त्याचीच धडकी भरली. कंपनीला विचारलं तर ती म्हणे, ही इथली जुनी रीत आहे, जागामालकांना विचारा. जागामालक, म्हणजे भाड्याचा व्यवहार बघणारे धाकटे बंधू म्हणत, कंपनीचा नियम आहे, आपण कसं बोलायचं? तेव्हा व्याह्यांनी ठरवलं की हे पेपरात आलं पाहिजे. पेपरात आलं की सरकार बघेल, सरकारनं बघितलं की नियम होईल. आणि पेपर म्हणजे मी.

त्यांनी मला पहिलं प्रसिद्धिपत्रक धाडलं, त्याची सुरुवात मला अजून पाठ आहे. 'अंजूर येथील गोदामात काल दुपारी आग लागली नाही ही आनंदाची बाब असली तरी, लागली असती तर आतील भगिनींना बाहेर येण्याचा मार्ग नव्हता.' इतकी निर्दोष बातमी आमच्या पानावर क्वचित येत असे. मी ती वर पाठवली. आमच्या वरिष्ठांनी विचारलं, "किती गेले?" मी म्हटलं, कोणी नाही. "जखमी?" तेही नाही. "मग यात बातमी काय? घडलं काही तर बघू." मी हे व्याह्यांना सौम्य करून सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे तुमचा पेपर मेलेल्यांचा हाय. जित्यांचा कुठला हाय तेवढं सांगा, मी तिथं जातो."

मग त्यांना ठाण्याच्या एका संस्थेचा शोध लागला. लोकांच्या आरोग्याचे आणि सुरक्षेचे प्रश्न पेपरांत आणि टीव्हीवर कसे मांडायचे, म्हणजे त्यातून कायदे बदलतील, याचं ही संस्था शिबिर घेत असे. आमचे व्याही त्या कॉलेजच्या पोरापोरींत जाऊन बसले आणि येताना एक कापडी पिशवी आणि एक मंत्र घेऊन आले: एक मागणी, एक वाक्य, एक चेहरा. इथं त्यांची खरी पंचाईत झाली, कारण त्यांच्याकडे मागण्या होत्या ढीगभर. टँकर, उघडी गटारं, लोंबणाऱ्या तारा, दवाखान्याची लिफ्ट. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, एकच निवडा." गोठ्यातल्या सगळ्या म्हशी सोडून एकच ठेवा म्हटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला असणार. शेवटी त्यांनी निवडलं. 'माणसं आत असताना बाहेरून कुलूप नको आणि मागचं दार उघडं हवं.' बाई म्हणाल्या, या दोन मागण्या झाल्या. हे म्हणाले, "जोडीनं ऱ्हातात त्या. एकीला एकटी पाठवता येत न्हाय." घरी मग तालीम सुरू झाली. विहीणबाई मोबाइल धरून समोर उभ्या आणि हे ओट्यावर बसून आपलं एक वाक्य म्हणताहेत. पण वाक्याच्या मध्यावर त्यांची नजर विहीणबाईंच्या मागच्या चुलीकडे जायची, आणि सगळ्या चित्रणांत शेवटी 'अगं, पदर सांभाल' हेच ऐकू येतं.

त्यांच्या पुतणीच्या हळदीला तर मी स्वतः हजर होतो. खाडीपट्ट्यातली हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. गोदामाच्या पटांगणात मांडव, अख्खं गाव लोटलेलं, डीजेचा दणदणाट. मांडवाला येण्याजाण्याची वाट एकच आणि तिच्यातच गाड्या लावलेल्या. व्याह्यांना चैन पडेना. त्यांनी मागच्या बाजूची कनात स्वतः सोडवली, मग डीजेवाल्याच्या हातातून माइक घेतला आणि जाहीर केलं, "मंडली, मागच्या बाजूनंपन भायेर जायची सोय केलेली हाय." मटणाची पंगत अजून बसायची होती. मागे सोय केली आहे म्हटल्यावर सगळ्यांनी एकच अर्थ घेतला. बघता बघता मांडव रिकामा झाला आणि अंधारात चिखलाच्या कडेला सगळं गाव पानाची वाट बघत उभं राहिलं. धाकटे बंधू संतापानं लाल झाले. व्याही मात्र माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "किती पटापट गेली सगली, बगितलंत? कोन चेंगरला न्हाय." इतका समाधानी चेहरा मी नवरीच्या बापाचाही पाहिला नाही.

त्या हळदीनंतर धाकट्या बंधूंनी हात टेकले. दादा, घे तुझं मागचं दार, पण माझी अब्रू सोड, असं म्हणून त्यांनी गोदामाच्या मागच्या भिंतीत दार पाडायला होकार दिला. अट एकच, दार आत उघडेल. "दार भायेर उघडलं त लक्ष्मी भायेर जाते," बंधू म्हणाले. आपल्याकडे घराची दारं आतच उघडतात, सुतारानंही जन्मात दुसरी केली नव्हती, त्यामुळे व्याह्यांनीही ते मान्य केलं. दार बसलं. त्यांनी त्याला स्वतःच्या हातानं हिरवा रंग दिला. विहीणबाईंनी उंबऱ्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. समोरच्या शटरचं कुलूप काही सुटलं नाही, पण निदान मागून वाट झाली. व्याह्यांना आत जाऊन ती रोज तपासायची होती. पण ते आत गेले की खोकी सरकवत, वायरी ओढून बघत, म्हणून कंपनीनं त्यांना अदबीनं आत यायची बंदी केली. ते बाहेरूनच दाराची धूळ पुसत आणि त्यावर हात फिरवून घरी येत. मीसुद्धा बिनघोर झोपायला लागलो होतो. आता त्यांच्याकडे मागणी होती, वाक्य होतं आणि ते दार म्हणजे चेहराही होता.

एका मराठी वाहिनीची तरुण बातमीदार त्यांना त्या शिबिरातच भेटली होती. गोदामांतल्या सुरक्षेवर ती काही करणार होती. व्याह्यांनी तिला गळ घातली, की सगळीकडे काय नाही ते दाखवताच, एका ठिकाणी काय आहे तेही दाखवा. ठरल्या दुपारी ती कॅमेरावाल्याला घेऊन अंजूरला आली. मी हजर, धाकटे बंधू इस्त्रीचा सदरा घालून हजर. योजना अशी, की नेहमीप्रमाणे जेवणाच्या सुट्टीत पुढून कुलूप असेल, आणि आतून बायका मागचं दार उघडून एकापाठोपाठ एक बाहेर येतील. सगळ्यात पुढे स्नेहल. व्याही दाराशेजारी उभे राहिले, त्यांनी आपलं वाक्य म्हटलं, आणि ते एकदाचं न अडखळता निघालं. मग त्यांनी दारावर टकटक केली. "स्नेहल, उघड बाला."

आत कुजबुज झाली. कडी सरकल्याचा आवाज आला. दार हातभरही नाही, वीतभर उघडलं आणि थांबलं. त्या फटीतून उदबत्तीचा वास आला. व्याह्यांनी दार आत ढकललं, मी ढकललं, कॅमेरावाल्यानंही खांदा लावला. ते कशावर तरी आपटून तिथंच थांबत होतं. फटीतून स्नेहलची बोटं बाहेर आली, हिरव्या बांगड्या दिसल्या. "पप्पा," ती आतून म्हणाली, "नाही उघडणार. इथं देवी आहे." झालं होतं ते असं. दाराला हळदकुंकू लागलं तेव्हापासून त्या कोपऱ्याला देवाची जागा असल्याचा मान आला होता. दार कुणी वापरत नाही, कोपरा स्वच्छ, म्हणून बायकांनी तिथं गावदेवीचा फोटो ठेवला. नवरात्रात घट बसवला. ते बघून धाकट्या बंधूंना भक्तीचा उमाळा आला आणि त्यांनी तिथं टाइल्सचा पक्का ओटा बांधून दिला, दाराच्या बरोबर आड. घरात हे व्याह्यांखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. ते काय आकांत करतील या भीतीनं प्रत्येकजण त्या दुपारपर्यंत दुसरा सांगेल म्हणून थांबला होता.

बातमीदार मुलगी म्हणाली, "पुढून उघडू या ना." चाचा चहाला गेले होते. त्यांना फोन लावला तर तो शटरापाशीच्या स्टुलावर वाजला. आग नव्हती, धूर नव्हता, होता तो नुसता उदबत्तीचा. तरीही मी पुन्हा दाराला खांदा लावला. आधी आत हसणं चाललं होतं, ते हळूहळू बंद झालं. स्नेहलची बोटं तेवढी त्या फटीत होती आणि व्याह्यांनी ती धरून ठेवली होती. धाकटे बंधू इस्त्रीच्या सदऱ्यात नाक्याकडे धावत सुटले. चाचा आले, शटर वर गेलं, बायका बाहेर आल्या, एक दोघी पदरानं वारा घेत तिथंच खाली बसल्या. सगळं मिळून चहाचा एक कप संपेल एवढाच वेळ गेला असेल.

त्या बातमीदार मुलीनं शहाणपणा केला. कॅमेरा खाली करायला सांगून म्हणाली, "काका, राहू दे. आपण दुसरीकडे चांगलं दार बघून शूट करू." बंधूंनी तर हात जोडले. घराची बदनामी होईल, कंपनी जागा सोडून जाईल, असं ते मला उद्देशून सांगत होते, कारण भावाकडे बघायची त्यांची हिंमत नव्हती. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. त्या भाड्यावर दोन घरं चालतात आणि त्यातल्या एका घरात माझी मुलगी नांदते. व्याही भिंतीला टेकून उभे होते. ते म्हणाले, "न्हाय. हेच दाखवा. नाव घालून दाखवा. जो मानूस गावभर दारं बगत फिरतो, त्याच्याच घरचं दार उघडलं न्हाय, असं सांगा. मंग लोक आपापलं दार बगतील." "दादा, आनि लक्ष्मी?" बंधू म्हणाले. "आमची लक्ष्मी ह्या भिंतीच्या आत बसते रोज," व्याही म्हणाले. "तिला भायेर येता आलं पायजे. दुसरी लक्ष्मी मना नको."

ते दाखवलं गेलं. दोनचार मिनिटांचंच होतं, पण गावात गाजलं. बंधूंनी बोलणं टाकलं. चेष्टा करणाऱ्यांनी चेष्टा केली. पण गंमत अशी झाली की ज्याच्या त्याच्या गोदामात मागच्या दारासमोर काय आहे ते लोक गुपचूप जाऊन बघायला लागले, आणि कुठं खोक्यांची थप्पी, कुठं पाण्याची टाकी, कुठं कुणाची बंद पडलेली मोटरसायकल निघाली. इकडे आमच्या दाराचा प्रश्न तसाच होता, कारण देवीला विचारल्याशिवाय कोण हलवणार? मग रीतसर कौल लावला. फोटोवर फूल चिकटवलं, उजवीकडे पडलं तर देवीची परवानगी. फूल काही पडेना. व्याही समोर उकिडवे बसून घामाघूम झालेले. शेवटी विहीणबाई पुढे झाल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "आये, ह्यो मानूस मना झोपू देत न्हाय. तू जरा सरक, मंग आपन दोघी झोपू." फूल उजवीकडे पडलं. देवी ऑफिसाच्या भिंतीवर गेली, ओटा फुटला, दार बाहेर उघडणारं झालं. आणि पुढच्या ग्रामसभेत, आत माणसं असताना कुलूप लावायचं नाही आणि मागची दारं मोकळी ठेवायची, असा ठराव झाला. हात वर करणाऱ्यांत धाकटे बंधू होते. भावाकडे न बघता त्यांनी हात वर केला होता.

मी निवृत्त झालो त्यानंतरची गोष्ट. एका दुपारी त्या गोदामात खोकी चिकटवायच्या मशीनची वायर जळली आणि शेजारच्या पुठ्ठ्यांनी पेट घेतला. धूर इतका झाला की पुढचं शटर दिसेना. बायका मागच्या दारानं बाहेर आल्या, स्नेहल सर्वांत शेवटी, देवीचा फोटो छातीशी धरून. पुठ्ठे जळाले, भिंत काळी झाली. बाकी कुणाला काही झालं नाही. तिनं मला फोन केला तेव्हा ती नेहमीच्याच आवाजात बोलत होती. मीच फोन हिच्याकडे दिला. संध्याकाळी सावरल्यावर मी आमच्या जुन्या ऑफिसात कळवलं. माझ्या जागी आलेल्या मुलानं आदरानं ऐकून घेतलं. "सर, किती गेले?" कोणी नाही. "जखमी?" कोणी नाही. "मग सर..." तो संकोचला. मीच त्याला म्हटलं, असू दे.

सकाळी व्याह्यांचा फोन येणार आणि मला बोलणी खावी लागणार, या तयारीनंच मी बसलो होतो. फोन आला. त्यांनी सगळे पेपर आणून ओट्यावर पसरले होते, विहीणबाईंनाही चष्मा लावून बसवलं होतं. "इवाई, कुठंच न्हाय आली." "नाही आली," मी म्हटलं. "कोणी गेलं नाही ना, म्हणून." मी वाट बघत राहिलो. पलीकडून नुसता पानं चाळल्याचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "बरं झालं. न्हाय आली तेच बरं झालं." आणि हा माणूस, ज्यानं एका बातमीसाठी गावाकडून नावं ठेवून घेतली होती, तो फोनवर रडायला लागला.

आता त्यांचे गुडघे गेले आहेत. टपरीवरच्या नळ्या, बाजारातले स्कूटरवाले सध्या रामभरोसे आहेत. दुपारी ते त्या हिरव्या दाराच्या बाजूला, वाट मोकळी ठेवून, खुर्ची टाकून बसतात. स्नेहल डबा घेऊन बाहेर येते आणि दोघं तिथंच जेवतात. कधी कधी बंधूही येऊन शेजारी उभे राहतात, बसत नाहीत अजून. मला सकाळचे फोन येत नाहीत, आणि ब्रश करताना मला चुकल्यासारखं होतं. कुठल्याही सभागृहात गेलो की माझी मान आपोआप मागच्या दाराकडे वळते, आणि ही मला कोपरानं ढोसते. पेपर आला की मी आधी जिल्हा पान उघडतो आणि वरपासून खालपर्यंत अंजूर शोधतो. ते कुठं नसलं की मीच त्यांना फोन लावतो. "आज काय न्हाय ना?" ते विचारतात. "नाही," मी सांगतो. मग बोलण्यासारखं काही उरत नाही, पण फोन कुणीच लगेच ठेवत नाही.